विरोधी बाकावरचा खासदार आणि आपल्या गावाचा प्रश्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे गेल्या आणि दिल्लीत सरकार मात्र रालोआचं आलं. तेव्हापासून पारावर, बाजार समितीच्या आवारात आणि फोनवर मला एकच विचारणा होते: आपला माणूस निवडून आला, पण सरकार त्याचं नाही, मग आपलं काम कसं होणार? मी कांदापट्ट्यातल्या गावांना निवेदनं लिहून देतो. त्यामुळे खालचे प्रश्न लोकांनीच पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. मी फक्त क्रम लावला आहे.

१. आमचे खासदार विरोधी पक्षाचे आहेत. त्यांच्याकडे जाऊन उपयोग काय?

उपयोग आहे, पण कसला ते समजून घेऊन जावं. रस्ता मंजूर करणं, निर्यातबंदी उठवणं, विम्याचे पैसे सोडणं हे मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या हातातलं काम आहे. ते हुकूम सत्ताधारी खासदारालाही काढता येत नाहीत. खासदाराच्या हातात असतं ते सरकारला सभागृहात विचारणं आणि सरकारचं उत्तर कागदावर आणणं. सत्ताधारी खासदार पुष्कळदा मंत्र्याच्या दालनात जाऊन सांगतो आणि त्या बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही. विरोधी खासदाराला सभागृहाशिवाय दुसरी जागा नसते, म्हणून त्याचं म्हणणं छापलं जातं. शिवाय कोणाचा प्रश्न तोंडी उत्तराला येणार हे सोडतीने ठरतं आणि सोडत पक्ष बघत नाही.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे मी नेहमी देतो ते उदाहरण. शेतकरी कामगार पक्षाचे, ११ वेळा आमदार, दोनदा थोड्या काळासाठी मंत्री, बाकी बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. दुष्काळी तालुक्याला टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचं पाणी मिळावं म्हणून त्यांनी अधिवेशनामागून अधिवेशन तोच प्रश्न लावून धरला. सत्तेबाहेर राहून काम होत नाही असं म्हणणाऱ्याने सांगोल्याला जाऊन यावं.

२. कोणतं काम खासदाराकडे न्यायचं आणि कोणतं आमदाराकडे?

निम्मी निवेदनं इथेच वाया जातात. शेती, पाणी, जमीन, पोलीस हे राज्याचे विषय. यातली तक्रार संसदेत नेली तर ती एक तर दाखलच होत नाही, नाहीतर ‘हा राज्याचा विषय आहे’ एवढंच उत्तर येतं. आयात-निर्यात, हमीभाव, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, बीएसएनएलचा टॉवर हे केंद्राचे.

घोळ होतो तो मधल्या विषयांत. ऊस घ्या. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, हा नियम १९६६ च्या केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशातला. पण थकवणाऱ्या कारखान्यावर वसुलीची कारवाई करायची ती पुण्याच्या साखर आयुक्तांनी, म्हणजे राज्याने. तेव्हा ‘एफआरपी वाढवा’ हे खासदाराला सांगा आणि ‘आमच्या कारखान्याने पैसे दिले नाहीत’ हे आमदाराला. एकाच कागदावर दोन्ही लिहिलं तर दोघंही तो कागद दुसऱ्याकडे सरकवतात. पीकविम्याचा गुंता प्रश्न १० मध्ये आहे.

३. संसदेत प्रश्न मांडायचे मार्ग तरी किती?

बरेच. गावाच्या कामाचे तेवढे सांगतो. प्रश्नोत्तराच्या तासातला लेखी किंवा तोंडी प्रश्न (प्रश्न ४). शून्य प्रहर, म्हणजे तातडीचा विषय थोडक्यात मांडायची वेळ, आणि नियम ३७७ (प्रश्न ७). लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या सार्वजनिक बाबीवर मंत्र्याला निवेदन करायला लावणं. नियम १९३ खालची चर्चा, हिच्यात मतदान नसतं. दुष्काळ, अतिवृष्टी, शेतीचं संकट असे विषय बहुधा इथे येतात. स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा, क्वचितच स्वीकारला जातो.

एक मार्ग लोकांना माहीतच नसतो: कपात सूचना. अर्थसंकल्पात एखाद्या मंत्रालयाच्या खर्चाच्या मागणीतून ‘१०० रुपये कमी करावेत’ अशी सूचना सदस्य देतो आणि त्याखाली गाऱ्हाणं लिहितो. शंभर रुपये कमी होत नाहीत, ते होणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कोणत्या गावच्या कशासाठी ही सूचना दिली ते छापलं जातं. मार्चमध्ये आपल्या खासदाराला याची आठवण करून द्या.

४. तारांकित आणि अतारांकित प्रश्नात काय फरक? आपल्यासाठी कोणता चांगला?

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि विचारणाऱ्याला त्यावर उपप्रश्न करता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात, पण तासाभरात त्यातले मोजकेच निघतात. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० पर्यंत असतात आणि त्यांना लेखीच उत्तर येतं. सदस्याला एका दिवसासाठी एकच तारांकित मिळू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे: गावाच्या कामाला अतारांकित बरा. टीव्हीवर दिसत नाही, पण आकडे मिळतात, आणि त्या आकड्यांचा कागद घेऊन तहसीलपासून कोर्टापर्यंत कुठेही जाता येतं.

५. निवेदन कसं लिहावं म्हणजे त्याचा प्रश्न होईल?

‘कांद्याला भाव द्या’ ही मागणी आहे, प्रश्न नाही. लोकसभेत प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यात आरोप, टोमणे, मतप्रदर्शन चालत नाही आणि विचारायची असते ती माहिती. तेव्हा असं लिहून द्या:

(अ) गेल्या तीन वर्षांत नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी खरेदी संस्थांनी नाशिक जिल्ह्यातून वर्षनिहाय किती कांदा खरेदी केला आणि कोणत्या दराने. (ब) ही खरेदी थेट शेतकऱ्याकडून झाली की शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत. (क) खरेदीनंतर किती दिवसांत रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जमा झाली. (ड) उशीर झाला असल्यास कारणे काय आणि सरकारने कोणती पावले उचलली?

यात एकही वाईट शब्द नाही, तरी (ब) आणि (क) ची उत्तरं देताना मंत्रालयाला फाईल उघडावीच लागते.

हे मी ठेच लागून शिकलो. आमच्याकडे रेल्वेचं फाटक बंद करून भुयारी मार्ग केला. पहिल्याच पावसात कमरेएवढं पाणी. पोरं दप्तर डोक्यावर घेऊन शाळेत जायची आणि दुधाच्या किटल्या रुळावरून पलीकडे न्याव्या लागायच्या. मी चार पानी कळकळीचं निवेदन लिहिलं, दीडशे सह्या घेतल्या. उत्तर आलं की ठिकाणाचा बोध होत नाही. खरंच होत नव्हता! सगळ्या कागदांत गावाचं नाव होतं, पण फाटकाचा क्रमांक नव्हता. मग एका दहावीतल्या मुलाने रुळालगतच्या विजेच्या खांबावर रंगवलेला किलोमीटरचा आकडा वहीत उतरवून आणला. दुसरं निवेदन अर्ध्या पानाचं होतं: फाटक क्रमांक, किलोमीटर, पाणी साचल्याच्या तारखा, तीन फोटो. ते लागू पडलं.

म्हणून आता सगळ्यांना सांगतो, निवेदनात गाव, तालुका, गट नंबर किंवा रस्त्याचा क्रमांक, योजनेचं नाव, तारखा आणि आधी कोणाला पत्र दिलं त्याची पोचपावती एवढं असू द्या. सह्या कमी असल्या तरी चालतील.

६. निवेदन कधी द्यावं? अधिवेशन सुरू झाल्यावर?

तेव्हा उशीर झालेला असतो. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. अधिवेशनं वर्षात तीन: जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीत अर्थसंकल्पी, जुलैच्या सुमारास पावसाळी आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हिवाळी. तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात संपर्क कार्यालयात कागद पोचला पाहिजे. खरिपाचं नुकसान ऑक्टोबरात झालं तर दिवाळीच्या गडबडीत निवेदन राहून जातं आणि हिवाळी अधिवेशन हातचं निसटतं, हे मी दर वर्षी बघतो.

तातडीचं असेल तर शून्य प्रहर आहे. त्याची सूचना त्याच दिवशी सकाळी दहाच्या आत देता येते.

७. साहेब शून्य प्रहरात आमच्या गावाबद्दल बोलले, व्हिडिओही फिरला. आता काम होईल ना?

नुसत्या तेवढ्याने नाही. शून्य प्रहर नियमांच्या पुस्तकात नाहीच, तो प्रथेने आलेला आहे. सदस्य दोन-तीन मिनिटं बोलतो आणि मंत्र्यावर उत्तराचं बंधन नसतं. राज्यसभेत तीन मिनिटं झाली की माईकच बंद होतो.

त्यापेक्षा नियम ३७७ शांत आणि कामाचा. सुमारे २५० शब्दांचं निवेदन आधी लिहून द्यायचं, आठवड्यात एका सदस्याला एकच. याची कुठे बातमी होत नाही, पण ते संबंधित मंत्रालयाकडे जातं आणि मंत्रालयाने साधारण महिन्याभरात सदस्याला लेखी कळवावं अशी पद्धत आहे. व्हिडिओ आला की आनंद जरूर माना, पण कार्यालयात फोन करून विचारा: ‘हाच विषय ३७७ खाली दिलाय का? अतारांकित प्रश्न टाकलाय का?’

८. मंत्र्यांनी ‘तपासून पाहू’ म्हटलं. ही बोळवणच ना?

लोक इथेच हार मानतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरं हत्यार इथेच हाती येतं. सभागृहात मंत्र्याने ‘तपासून पाहू’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती मागवली आहे’ असं म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं. सरकारने ते तीन महिन्यांत पुरं करायचं किंवा मुदतवाढ मागायची. त्यावर लक्ष ठेवायला सरकारी आश्वासनांविषयीची समिती असते. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात. ही समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारते की एवढे दिवस काय केलं.

म्हणून ते वाक्य, तारीख आणि प्रश्न क्रमांक वहीत टिपून ठेवा. तीन महिने झाले की खासदाराला पत्र द्या आणि माहिती अधिकारात मंत्रालयाला विचारा: अमुक तारखेच्या अमुक प्रश्नावरील आश्वासनाची सद्यस्थिती काय?

९. उत्तरात ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं छापून आलंय. म्हणजे आमचा प्रश्न फेटाळला?

आपल्या विधिमंडळाच्या यादीत तर ही ओळ पानोपानी भेटते. प्रश्नाचे तुकडे एकमेकांवर उभे असतात. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटलं की त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं लिहून मोकळं होता येतं. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात मृत्यू पावलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत देणार का, असं विचारलं गेलं. कृषी मंत्रालयाने सांगितलं की याची नोंद आमच्याकडे नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. घरातला कर्ता माणूस गेलेल्यांनी ते उत्तर कसं वाचलं असेल, हे मला आजही सुचत नाही.

यावर तोड एकच: पहिलाच भाग असा बांधायचा की नाकारता येऊ नये. ‘पीक वाहून गेले हे खरे आहे काय’ याऐवजी ‘अमुक तारखेच्या पंचनाम्यानुसार किती हेक्टर’ असं विचारायचं. विधिमंडळात ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर ते चांगलं समजा. कोणता अंश, हे पुढच्या वेळी विचारता येतं.

१०. पीकविम्याचं कुणाला विचारायचं? केंद्र म्हणतं राज्य, राज्य म्हणतं कंपनी.

तिघांनाही, पण वेगवेगळं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राची, हप्त्याचं अनुदान केंद्र आणि राज्य दोघांचं, कंपनीची निविदा राज्याची. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात विमा आणला आणि २०२५ मध्ये तो बंद करून पुन्हा शेतकरी हिस्सा सुरू केला, तो निर्णय राज्याचा. खासदाराने विचारायचं: महाराष्ट्रातले किती दावे किती दिवस प्रलंबित आहेत आणि राज्याने आपला हिस्सा कोणत्या तारखेला भरला? आमदाराने विचारायचं: आमच्या महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग (उत्पन्न मोजायची चाचणी) कधी झाले? दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की पैसा कुठे अडलाय ते दिसतं.

११. खासदार संसदेत मराठीत बोलू शकतात का?

हो. राज्यघटनेच्या कलम १२० नुसार कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालतं, पण पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात आणि मराठीसाठी दुभाष्याची सोय आहे. गावाकडचा माणूस हिंदीत अडखळत बोलण्यापेक्षा मराठीत ठणकावून बोलला तर मला जास्त आवडतं. लेखी प्रश्न मात्र हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावे लागतात. म्हणून निवेदनाला हिंदी भाषांतर जोडलं तर कार्यालयाचे दोन दिवस वाचतात.

१२. पक्षाचा व्हीप असताना खासदार गावाच्या बाजूने बोलू शकतो का?

व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, मतदानासाठी असतो. तो मोडला तर १९८५ पासूनच्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जाऊ शकतं. प्रश्न विचारायला, ३७७ खाली निवेदन द्यायला व्हीप लागत नाही. मोठ्या चर्चेत बोलायची वेळ मात्र पक्षाच्या संख्याबळावर वाटली जाते आणि कोण बोलणार हे पक्ष ठरवतो.

१३. कांद्याची माळ घालून सभागृहात गेलं तर लक्ष वेधलं जाणार नाही का?

लोकसभेच्या नियम ३४९ नुसार सभागृहात फलक किंवा वस्तू दाखवायला मनाई आहे. म्हणून माळा दिसतात त्या संसदेच्या दाराशी किंवा मुंबईत विधानभवनाच्या पायऱ्यांवर. तो आवाजही लागतो, मी त्याला कमी लेखत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अधिवेशन चालू असतानाच कांदा निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली तरी ४० टक्के शुल्क राहिलं, पुढे २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेलं. या काळात दारातल्या घोषणा, आतले प्रश्न आणि नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीसारख्या कांद्याच्या मतदारसंघातलं मतदान हे सगळंच सरकारच्या कानावर गेलं. फक्त दारातल्या फोटोवर थांबू नये.

१४. आमच्या खासदाराला निलंबित केलं तर आमच्या प्रश्नाचं काय?

तो बुडतो. निलंबित सदस्याच्या नावावरचे प्रश्न यादीतून काढले जातात. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, त्यात सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते. म्हणजे कांदापट्ट्यावर निर्यातबंदी येऊन आदळली त्याच दिवसांत विचारणारे बाहेर होते. निलंबनाचा दोष कोणाचा यावर वाद घालता येईल, पण ज्याचा कांदा चाळीत सडत होता त्याचा त्यात काही दोष नव्हता. महत्त्वाचं निवेदन राज्यसभेच्या एखाद्या सदस्यालाही द्यावं. महाराष्ट्राचे तिथे १९ सदस्य आहेत आणि ते कोणत्याही जिल्ह्याचा प्रश्न विचारू शकतात.

१५. विरोधी खासदार कायदाच का आणत नाही?

आणता येतो. शुक्रवारी अडीच तास खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या, सदस्यांच्या कामाला असतात. हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभावाच्या हक्कासाठी दोन विधेयकं लोकसभेत मांडली होती. ती मंजूर झाली नाहीत. खासगी सदस्याचं शेवटचं विधेयक संसदेने १९७० मध्ये मंजूर केलं. पण मागणीचा नेमका मसुदा त्यातून तयार होतो. डिसेंबर २०२४ मध्ये कृषीविषयक संसदीय समितीने हमीभावाला कायद्याचं बळ द्यावं अशी शिफारस केली. त्या समितीचे अध्यक्ष विरोधी पक्षाचेच होते.

१६. अधिवेशन नसताना खासदार काय करू शकतात?

‘दिशा’ समितीची बैठक लावू शकतात. जिल्ह्यातल्या केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या या समितीचं अध्यक्षपद लोकसभा खासदाराकडे असतं, तो विरोधी पक्षाचा असला तरी. जिल्हाधिकारी तिचे सदस्य-सचिव. बैठक दर तिमाहीला व्हायला हवी. जलजीवनची टाकी बांधली पण पाणी नाही, प्रधानमंत्री ग्रामसडकेचं डांबर उखडलं, हे दिल्लीला जायच्या आधी इथेच विचारावं. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, तोही सर्वांना सारखाच. खासदार काम सुचवतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं.

१७. मंत्र्यांनी दिलेलं उत्तर धडधडीत चुकीचं आहे. आता?

रागाने पत्रकार परिषद घेण्याआधी पुरावा गोळा करा. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ नुसार सदस्य मंत्र्याच्या निवेदनातली चूक लेखी दाखवून देऊ शकतो. त्यासाठी सदस्याच्या हातात पंचनाम्याची प्रत, सातबारा, विहिरीचा फोटो असं काही ठोस लागतं. ते फक्त गावच देऊ शकतं. प्रकरण कोर्टात असेल तर मात्र सभागृहात त्यावर बोलणं टाळलं जातं, हे लक्षात ठेवा.

१८. विरोधी पक्षनेताच नसेल तर विरोधी सदस्याचं कोण ऐकणार?

२०२४ नंतरच्या महाराष्ट्र विधानसभेत या पदासाठी प्रथेने लागणाऱ्या २८८ च्या एक दशांश, म्हणजे २९ जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत, म्हणून ही शंका येते. लोकसभेतही २०१४ ते २०२४ हे पद रिकामं होतं. त्या पदामुळे चर्चेत वजन आणि वेळ मिळतो, तो तोटा खराच. पण प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना हे प्रत्येक सदस्याचे स्वतःचे अधिकार आहेत.

१९. निवडणूक झाली, खासदार बदलले. जुनं सगळं वाया गेलं का?

लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली विधेयकं आणि सूचना संपतात. अपुरी आश्वासनं मात्र नव्या लोकसभेची समिती पुढे चालवू शकते. म्हणून नव्या खासदाराकडे जाताना जुना प्रश्न क्रमांक, तारीख, उत्तराची प्रत (संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने सापडते) आणि आश्वासनाचं वाक्य अधोरेखित करून न्या. मग सुरुवातीपासून सांगावं लागत नाही.

आमच्या भुयारी मार्गाची फाईल अशीच दोन वेगळ्या पक्षांच्या खासदारांच्या हातून गेली. तिथे आता पाणी उपसायचा पंप बसलाय. तो पावसात खरोखर चालतो का, हे तारखेनिशी टिपायला गावाने दोन मुलांकडे वही दिली आहे.